चित्रातला इतिहास : कशावरून?

डायनोसॉरचे चित्र वर्गात दाखवले की एखादा तरी विद्यार्थी विचारतो, "तो हिरवाच होता हे कशावरून?" प्रश्न अगदी योग्य आहे. हाडांचे जीवाश्म सापडतात, पण हाडांवरून कातडीचा रंग कळत नाही. त्यामुळे चित्रांतील बहुतेक डायनोसॉरना रंग दिलेला असतो तो चित्रकाराने. सायनोसॉरोप्टेरिक्स या चीनमध्ये सापडलेल्या लहानशा डायनोसॉरची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या जीवाश्मातील पिसांसारख्या तंतूंत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण टिकून राहिले होते. २०१० साली त्यांचा अभ्यास झाला आणि त्याच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी पट्टे होते असे पुराव्यानिशी सांगता आले. म्हणजे एकाच पानावर दोन डायनोसॉर असतील, तर एकाचा रंग पुराव्यातून आलेला असू शकतो आणि दुसऱ्याचा कल्पनेतून. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही चित्रे सारखीच खरी वाटतात.

विज्ञानाच्या तासाला विचारला जाणारा हा "कशावरून?" इतिहासाच्या तासाला फारसा ऐकू येत नाही. लढाईचे चित्र असते, दरबाराचे चित्र असते, सभेचे चित्र असते. त्यातील पोशाख, चेहरे, हावभाव, कोण कोठे उभे होते, कोण काय बोलले, यांपैकी काय ठाऊक आहे आणि काय चित्रकाराने भरले आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. चित्रकथेत तर प्रत्येक पानावर पाच-सहा चित्रे आणि प्रत्येकाच्या तोंडी वाक्ये! मुले हा इतिहास आवडीने वाचतात, तो त्यांच्या लक्षातही राहतो. म्हणूनच चित्रकथांचा विचार शिक्षकांनी गंभीरपणे करायला हवा.

या दृष्टीने दोन पुस्तकांची येथे चर्चा करायची आहे. दोन्ही 'नवयान' या छोट्या, स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने २०११ साली काढली. पहिले 'भीमायन', दुसरे 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', म्हणजे उजाड रानातला माळी. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींवर आधारलेले आहे, दुसरे जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'वर. पुस्तके अगदी नवी नाहीत, पण मराठी शाळांच्या दृष्टीने ती अजून नवीच म्हणायला हवीत.

प्रकाशक आणि कलावंत

नवयानची सुरुवात एस. आनंद आणि रविकुमार यांनी २००३ साली केली. जात हा विषय मध्यवर्ती ठेवून पुस्तके काढायची, हे या संस्थेचे पहिल्यापासूनचे धोरण. 'भीमायन'चे लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, तर चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दांपत्य मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजातले. परधान हे गोंडांचे परंपरागत कथागायक. बाणा हे तंतुवाद्य वाजवीत वंशावळी आणि देवांच्या कथा गाणे हे त्यांचे काम. लिहिलेल्या कागदाऐवजी गाण्यात इतिहास जपणाऱ्या समाजातील दोघांनी बाबासाहेबांसारख्या ग्रंथप्रेमी माणसाचे चरित्र रेखाटावे, हीच या पुस्तकातील पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

बाबासाहेबांवर याआधी चित्रकथा नव्हती असे नाही. १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेत १९७९ साली त्यांच्यावरचा अंक निघाला. त्याची संहिता एस. एस. रेगे यांची होती आणि चित्रे दिलीप कदम यांची. त्या मालिकेने अनेकांना इतिहासाची गोडी लावली हे मान्यच करायला हवे. तिची पद्धत ठरलेली होती. एकापुढे एक चौकटी, वर निवेदकाचे वाक्य, खाली हुबेहूब वाटणारी माणसे आणि त्यांच्या तोंडी फुग्यांतले संवाद. वाचताना आपण जणू खिडकीतून घडलेली घटनाच पाहतो आहोत असे वाटते. या पद्धतीचे बळ त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे. खिडकीतून पाहणारा माणूस "कशावरून?" असे विचारीत नाही.

तहानेची गोष्ट

'भीमायन'चे तीन मुख्य भाग आहेत : पाणी, निवारा आणि प्रवास. त्यांचा मुख्य आधार म्हणजे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथनपर लेखन. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या बाराव्या खंडात (१९९३) ते आहे.

त्यातील पहिली आठवण १९०१ च्या सुमाराची. भीम तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. कुटुंब साताऱ्यात राहत होते आणि वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. वडिलांना भेटायला मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर नव्या टोप्या. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, पण मुले महार असल्याचे कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर खाण्याचा डबा होता, पाणी मात्र नव्हते. रात्री जकातनाक्यावर भीमने आपण मुसलमान आहोत असे भासवून पाणी मागितले, तेही मिळाले नाही. भरल्या डब्यासमोर मुले तहानलेली आणि उपाशी झोपली.

या आठवणीतील एका तपशिलाकडे शिक्षकांनी मुलांचे लक्ष जरूर वेधावे. वडील गोरेगावला कशासाठी गेले होते? दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता आणि ते त्या कामावर रोखपाल होते. म्हणजे पाण्यासाठी चाललेल्या कामावर बाप हिशेब लिहीत होता आणि त्याच रस्त्यावर त्याच्या मुलांना प्यायला पाणी मिळत नव्हते. पाण्याची टंचाई पाऊस कमी पडल्यामुळे होते हे आपण भूगोलात शिकवतो. पाणी जवळ असूनही टंचाई कशी होते, हे या गोष्टीतून शिकवता येते.

आता "कशावरून?" विचारू. ही आठवण तीसहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. पुरावा म्हणून आठवणीला मर्यादा असतात. नेमके संवाद, वेळा, क्रम यांत फरक पडू शकतो. पण आठवणीतील काही गोष्टी बाहेरच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. १८९९-१९०० चा दुष्काळ मुंबई इलाख्यात तीव्र होता आणि दुष्काळी कामे निघाली होती, हे सरकारी कागदपत्रांतून कळते. तलाव खोदण्याचा तपशील त्याच्याशी जुळतो. असे एकेक धागे जुळवत आठवणीची विश्वसनीयता वाढवत नेणे हे इतिहासकाराचे काम, आणि ते प्रयोगशाळेतील कामापेक्षा फार वेगळे नाही.

चौकट नाकारणारी चित्रे

माणसांना चौकटींत कोंडायला व्याम दांपत्य तयार नव्हते. कथेला फिरायला मोकळी जागा हवी, असे त्यांचे म्हणणे. म्हणून पान विभागण्यासाठी त्यांनी 'दिगना'चा उपयोग केला. सणासुदीला आणि लग्नकार्यात घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढायच्या भौमितिक नक्षीला गोंड लोक दिगना म्हणतात. आपल्याकडच्या रांगोळीच्या पट्ट्यांशी ताडून पाहावी अशी ही नक्षी पानभर वळणे घेत जाते आणि तिच्या कडेकडेने गोष्ट पुढे सरकते.

संवादांचे फुगेही एका आकाराचे नाहीत. साधे, माणुसकीचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. जातीच्या विषाने भरलेले बोलणे ज्या फुग्यात आहे त्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचारांना वेगळी खूण आहे. वाचता न येणारे मूलही पान पाहून सांगू शकेल की कोणते वाक्य डसणारे आहे. आगगाडी सापासारखी वळते. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकांतून शब्दांबरोबर पाण्याचे फवारे उडतात.

गोंड चित्रशैलीत हे सगळे स्वाभाविक आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही चित्रे छायाचित्र असल्याचा आव आणीत नाहीत. सापासारखी आगगाडी पाहून कोणीही मूल असे म्हणणार नाही की मसूरची गाडी अशीच दिसत होती. चित्र पाहताक्षणीच कळते की हे कोणीतरी काढलेले आहे, कोणाच्या तरी मनातून आलेले आहे. त्यामुळे "यातले घडलेले काय आणि सांगणाऱ्याचे काय?" हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. हुबेहूब चित्रात तो बुजतो. खऱ्यासारखे दिसणारे चित्र जास्त खरे असतेच असे नाही, हे 'भीमायन' वाचताना जेवढे स्पष्ट होते तेवढे दुसऱ्या क्वचितच एखाद्या पुस्तकातून होत असेल.

पुस्तकात अधूनमधून अलीकडच्या काळातील जातीय अत्याचारांच्या बातम्याही आहेत. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडाचा उल्लेख आहे. जुनी आठवण, आजची बातमी आणि कल्पनेतले चित्र असे तीन प्रकारचे साहित्य शेजारी शेजारी आल्याने त्यांतील फरक डोळ्यांना दिसतो. हे पुस्तकाचे मोठे यश आहे.

पुस्तक कोठे कमी पडते

मात्र हाच फरक पुस्तकाने सर्वत्र पाळलेला नाही. महाडचा सत्याग्रह 'पाणी' या भागात येतो, पण तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नाही. लेखकांनी तो इतर साधनांवरून आणला आहे. यात गैर काही नाही, कारण पाण्याची गोष्ट महाडशिवाय पुरी होणार नाही. परंतु बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेले कोठे संपते आणि लेखकांनी रचलेले कोठे सुरू होते, हे पानावर कळत नाही. पुस्तकाच्या शेवटी एस. आनंद यांनी पुस्तक कसे घडले ते सांगणारे टिपण जोडले आहे. ते चांगले आहे, पण ते मोठ्यांसाठी आहे. विद्यार्थी गोष्ट संपली की पुस्तक मिटतो. ज्या चित्रकारांनी डसणाऱ्या शब्दांसाठी वेगळा फुगा शोधला, त्यांना पुराव्याच्या शब्दांसाठीही एखादी खूण सहज सुचली असती.

दुसरी उणीव म्हणजे कथेला दिलेली आजच्या काळाची जोड. बसथांब्यावर एक तरुण आरक्षणाबद्दल कुरकुर करतो आणि एक स्त्री त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगते. कल्पना सोपी आहे, पण तो तरुण ऐकून घेण्यापुरताच आहे. असा तरुण आपल्या वर्गात बसलेला असतो आणि त्याचे प्रश्न यापेक्षा अवघड असतात हे शिक्षकांना ठाऊक आहे. त्याला पुस्तकात खरे बोलू दिले असते, तर उत्तरही अधिक सकस झाले असते.

महाडच्या प्रसंगाविषयी शिक्षकांनी स्वतः थोडी भर घालावी. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. कागदावर तळे खुले झाले, पण तीन वर्षे कोणी पाणी घेऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थांबावे. पाणी शुद्ध आहे असे आपण कोणत्या चाचणीवरून म्हणतो? शेण घातल्यावर पाण्यातील जंतूंची संख्या वाढेल की कमी होईल? 'शुद्ध' हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरला तरी त्याचा अर्थ एक नसतो, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पुढचा भाग तर पुराव्याच्याच संदर्भातला आहे. काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली. आमच्याशिवाय इतरांनी हे पाणी न घेण्याची प्रथा अनादी काळापासून आहे, असा त्यांचा दावा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला तो बाबासाहेबांच्या बाजूने. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते आणि प्रथा अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. "फार पूर्वीपासून असेच चालत आले आहे" या वाक्याला न्यायालयाने विचारलेला प्रश्न आपलाच होता : कशावरून? दहा वर्षे चाललेल्या त्या खटल्यावर एखादी स्वतंत्र चित्रकथा व्हायला हवी.

जोतीरावांची गुलामगिरी, चित्रांत

'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे पुस्तक रूपाने अगदी निराळे आहे. लेखन श्रीविद्या नटराजन यांचेच, चित्रे अपराजिता निनान यांची. चित्रे काळ्या-पांढऱ्या रंगांत आहेत, रेषा ठसठशीत, व्यंगचित्राच्या वळणाची. 'गुलामगिरी' १८७३ साली निघाली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. प्रश्नोत्तराला चित्रकथेचा साचा चांगला मानवतो, कारण फुगे आधीच तयार असतात! जोतीरावांनी आपले पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. तो धागा धरून या पुस्तकात अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्याशी तुलना केलेली आहे. सावित्रीबाई आणि १८४८ ची पुण्यातील मुलींची शाळाही येते.

जोतीराव पुराणकथांची चिरफाड कशी करतात, हे पुस्तकात रंगतदार झाले आहे. ब्रह्मदेवाच्या मुखातून माणूस जन्मला तर कसा? माशाच्या अंड्यातून माणसाचे मूल कसे जगेल? हे शरीरशास्त्राचे प्रश्न आहेत. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून, मराठीत, इतक्या निर्भयपणे ते विचारणारा माणूस विज्ञानप्रसार करणाऱ्या प्रत्येकाला आपला वाटायला हवा.

परंतु पुस्तकातील सर्वांत मोठी अडचणही येथेच आहे. जोतीराव नुसते प्रश्न विचारून थांबत नाहीत. पुराणांचा उलट अर्थ लावून ते एक इतिहासही मांडतात. आर्य बाहेरून आले. पहिली टोळी लहान, चपळ होड्यांतून आली म्हणून तिचा नायक मत्स्य, दुसरी संथ तरांड्यांतून आली म्हणून कच्छ, असे करीत दशावतार म्हणजे आक्रमणांची मालिका ठरते. १८७३ साली युरोपीय पंडितांचा आर्यविषयक सिद्धांत सर्वत्र चर्चेत होता. हडप्पा संस्कृतीचा शोध जगाला कळला १९२४ साली, म्हणजे जोतीरावांच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. हाताशी असलेल्या ज्ञानातून त्यांनी एक धाडसी तर्क केला. चित्रकथा हा तर्क जोशात रंगवते, पण त्यानंतर काय कळले याची पुरेशी जाणीव वाचकाला देत नाही.

पुढे कळले ते असे. आजच्या माणसांच्या डीएनएच्या अभ्यासातून २०१३ साली असे दिसले की भारतातील जवळजवळ सर्व समाजगट मिश्र वंशाचे आहेत आणि हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाले. त्यानंतर गटागटांतील विवाह कमी होत गेले. २०१९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्यासह अनेक संशोधकांनी राखीगढी येथील हडप्पाकालीन स्त्रीच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात मध्य आशियातील गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानुसार तो अंश इ. स. पूर्व २००० नंतर भारतीय उपखंडात मिसळला. परंपरेने पौरोहित्य करणाऱ्या काही गटांत त्याचे प्रमाण तुलनेने जास्त आढळते.

यावरून जोतीराव बरोबर ठरले की चूक? दोन्ही उत्तरे घाईची होतील. बाहेरून माणसे आली हे खरे निघाले. पण एक जात म्हणजे आक्रमकांचे शुद्ध वंशज आणि बाकीचे मूळचे, अशी सरळ विभागणी टिकत नाही, कारण सगळेच कमी-अधिक प्रमाणात मिश्र आहेत. होड्यांतून आलेल्या टोळ्यांचा पुरावा नाही. आणि जातिव्यवस्थेच्या अन्यायाविषयी जोतीराव जे म्हणाले ते या निष्कर्षांवर मुळीच अवलंबून नाही. कोणाचे पूर्वज कोठून आले यावर आज विहिरीवर कोणी पाणी भरायचे हे ठरत नसते. शिक्षकांनी हे पुस्तक देताना जोतीरावांची पद्धत आणि त्यांचे निष्कर्ष वेगवेगळे करून दाखवावेत. प्रश्न विचारण्याची पद्धत टिकते, निष्कर्ष नव्या पुराव्याने दुरुस्त होतात. विज्ञानातही असेच घडते, आणि जोतीरावांना हे मान्य झाले नसते असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक खंत मराठी वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही. 'गुलामगिरी'ची भाषा रांगडी, टोमणेबाज, पुण्याच्या पेठांत ऐकू येणारी. ती इंग्रजीत जाताना सौम्य आणि सर्वदेशीय होते. ज्या पुस्तकाची मूळ भाषा आपली आहे ते चित्रांत पाहण्यासाठी आपल्याला इंग्रजीकडे जावे लागते, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' १९६९ पासून उपलब्ध आहे. वर्गात चित्रकथा उघडली की शेजारी ते उघडावे आणि एकेक प्रश्नोत्तर मोठ्याने वाचून दाखवावे.

वर्गात काय करता येईल

दोन्ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात असावीत. 'भीमायन' आठवीपासून पुढच्या मुलांना देता येईल. ते हिंदीतही आले आहे, त्यामुळे इंग्रजीची भीती असलेल्या शाळांनाही अडचण नाही. 'गार्डनर' मात्र अकरावी-बारावीच्या मुलांना आणि आधी शिक्षकांनी स्वतः वाचून मगच द्यावे.

पण नुसते वाचून थांबू नये. आपल्या शाळांत हस्तलिखिताची जुनी परंपरा आहे. एका वर्षीचे हस्तलिखित इतिहासाच्या चित्रकथांचे काढावे आणि विषय घ्यावा 'आमच्या गावाचे पाणी'. विहिरी, आड, तळी, नळयोजना कधी झाल्या, कोणी खोदल्या, कोण कोठे पाणी भरत असे. नियम एकच : जे कागदावरून कळले त्या चित्राला सलग रेषेची चौकट, जे कोणाच्या आठवणीतून कळले त्याला तुटक रेषेची, आणि जे आपण कल्पनेने काढले त्याला चौकटच नाही. कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदी, सात-बारा, जिल्ह्याचे गॅझेटियर, विहिरीवरचा शिलालेख. मुलांना लवकरच कळेल की बिनचौकटीची चित्रे किती जास्त होतात, आणि एक तुटक चौकट सलग करण्यासाठी किती पायपीट करावी लागते.

हे काम करताना शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलले गेले आणि ज्यांच्या आजोबांनी हाकलले, अशी दोन्ही घरांतील मुले एकाच बाकावर बसलेली असू शकतात. कोणत्याही मुलाला उभे करून "तुमच्याकडे काय अनुभव आला ते सांग" असे म्हणू नये. त्याने स्वतःहून सांगितले तर ऐकावे. सुरुवात माणसांपासून न करता नकाशापासून करावी. गावाच्या नकाशावर जुन्या विहिरी खुणावल्या, की कोणती विहीर कोणत्या वस्तीजवळ आहे आणि कोणत्या वस्तीजवळ एकही नाही, हे नकाशाच सांगतो. मग सर्वांनी मिळून त्याचे कारण शोधावे. असे केल्याने चौकशी होते, पण कोणी आरोपी होत नाही आणि कोणी प्रदर्शनातली वस्तूही होत नाही.

शेवटी भारतीय राज्यघटना उघडावी. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. देशाच्या घटनेत विहिरीचे नाव का घालावे लागले असेल, असा प्रश्न मुलांना विचारावा. ज्यांनी मसूरच्या रस्त्यावरची ती रात्र चित्रांत पाहिली आहे आणि आपल्या गावाच्या विहिरी नकाशावर मांडल्या आहेत, त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही. आणि ते उत्तर देतील तेव्हाही शिक्षकांनी विचारायला विसरू नये, "कशावरून?"